एकदम सगळं बंद केलं आणि पाचव्या दिवशी फसलं

प्रश्न: ताई, माझं वय ४२, बैठं काम. शुगर बॉर्डरवर आहे असं डॉक्टर म्हणाले म्हणून सोमवारपासून साखर, भात, तळलेलं सगळं बंद केलं. पाचव्या दिवशी अख्खं फरसाणचं पाकीट संपवलं. आता काय करू?

उत्तर: अगं, चार दिवस जमलं ना, मग जमेल, फक्त एका वेळी एकच गोष्ट धर. आधी चहा. दिवसाला तीन कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे साधारण २५-३० ग्रॅम साखर नुसत्या चहातूनच जाते, कपामागे अर्धा चमचा कमी कर, जीभ रुळली की पंधरा दिवसांनी अजून अर्धा. मग आठवड्यातून दोनदा रात्री ज्वारीची भाकरी. तुटते म्हणून सोडू नकोस हं, ज्वारीत गव्हासारखं पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन नसतं म्हणून तुटते, पिठात उकळतं पाणी घालून झाकून ठेव आणि हाताला सोसेल इतकं झालं की तळहाताने रगडून मळ, कडा फाटत नाहीत. पीठ ताजंच घे, जुन्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते.

भात सोडायची गरज नाही, एक वाटी ठरव आणि सोबत आमटी-भाजी भरपूर. पण उसळी एकदम वाढवल्या तर पोट फुगतं, हळूहळू वाढव, पाणी पी. फरसाण घरात आणूच नकोस, पाच वाजता भूक लागतेच, तेव्हा मूठभर फुटाणे. तीन महिन्यांनी डॉक्टरांना विचारून एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी कर, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी कळते.