पेसाखच्या खर्चाचं म्हणशील तर

ठाण्याहून इस्रायलमधल्या लोदला आल्यावर स्वतःच्या घरातला तुमचा हा पहिलाच पेसाख, म्हणजे आंबलेलं धान्य वर्ज्य असलेला आपला ज्यूंचा सात दिवसांचा सण; सेदेरला, म्हणजे पहिल्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, चौदा माणसं, त्यात शेजारीण म्हणते की भांडी सगळी नवीच घ्यावी लागतात. एका पगारात हे कसं बसवायचं, असं तू विचारलंस. तुला अगं-तुगं करते, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. मी अलिबागला बेने इस्रायलांच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, इस्रायल आळीत वाढले आणि गेली चौतीस वर्षं इथे इस्रायलमध्ये अश्दोदला हा सण करते आहे.

आधी हे ऐक: भांडी घेऊ नकोस. इथल्या पहिल्या वर्षी मी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून ताटं, पातेली, कढया असा अख्खा संच तश्लुमीमवर, म्हणजे हप्त्यांवर, उचलला. रोश हशाना (सहा महिन्यांनंतरचं आपलं नववर्ष) आला तरी कार्डातून हप्ता जातच होता, आणि त्यातली निम्मी भांडी मी कधी चुलीवर चढवलीच नाहीत. स्टीलची पातेली, डाव, चमचे हगाला करून चालतात, म्हणजे असं: लख्ख घासायचं, चोवीस तास वापरायचं नाही, मग खळखळत्या पाण्यात पूर्ण बुडवून गार पाण्यातून काढायचं. सणाआधी गावात ठिकठिकाणी यासाठी मोठे हंडे मांडतात, तिथे काम फुकट किंवा किरकोळ पैशांत होतं. चपातीचा तवा मात्र नुसत्या उकळण्याने चालत नाही, तो बांधून वर ठेवून दे. नॉनस्टिकबद्दल तुमच्या रब्बींना (धर्मगुरूंना) विचार. आमच्या आजीकडे पेसाखच्या आधी कल्हईवाला यायचा, तांब्याची भांडी कल्हई होऊन चकचकीत व्हायची, भिंतींना चुना लागायचा. तीच भांडी, वर्षानुवर्षं.

दुसरा मोठा खर्च सफाईचा. सणाला घरातून काढायचं ते खमेत्स, आणि धूळ म्हणजे खमेत्स नव्हे. पडदे धुवायचे तर धू, पण ते सणाच्या हिशेबात धरू नकोस. खमेत्स म्हणजे गहू, जव, ओट यांसारख्या पाच धान्यांचं फुगलेलं, आंबलेलं. ते जिथे जातं तिथे हात फिरव: ओटा, फ्रीज, जेवायचं टेबल, मुलांची दप्तरं. पूरीम (पेसाखच्या महिनाभर आधीचा सण) झाला की नवी कणीक, रवा, शेवया आणणं बंद कर आणि घरातलं संपवायला घे. तरी उरलंच तर टाकू नकोस. कपाटात घाल, कपाट बांध आणि रब्बींमार्फत ते खमेत्स बिगर-ज्यू माणसाला विकायचा कागद सही करून दे. थालीपिठाची भाजणी, भाकरवडी, मैद्याचं फरसाण, सगळं त्याच कपाटात. आपल्या कोकणातल्या जुन्या माणसांकडे पेसाखला ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. आंबट पाण्याची बरणी झाकून ठेवायची, त्यावरून ते नाव. झाकून ठेवणं हीच आपली जुनी रीत.

एक गोष्ट इथल्या शेजारणी तुला सांगणार नाहीत, कारण त्यांच्या स्वयंपाकात ती नसते. हिंगाची डबी. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. ती आधी बाहेर काढ. तयार मसाल्यांचाही भरवसा धरू नकोस. धणे, जिरे, मिरी अख्खी आणून निवड आणि घरी वाट. पेसाखचा शिक्का मारलेल्या छोट्या पुड्यांपेक्षा स्वस्तही पडतं.

जेवणखर्चात आपण सुखी आहोत, कारण आपण बेने इस्रायल पेसाखलाही भात खातो. अश्कनाझी, म्हणजे युरोपातून आलेल्या ज्यूंच्या, घरांत तांदूळ, डाळी वर्ज्य, म्हणून त्यांचं बिल बटाटे, मांस आणि पेसाखसाठी खास केलेल्या केक-बिस्किटांवर चढतं. दुकानात तू त्या केक-बिस्किटांकडे जाऊच नकोस. तांदूळ तीन वेळा निवडून ठेव, नारळाच्या दुधातलं मटण कर, सोबत भात. मात्सा (न फुगवलेली कोरडी पोळी) सातही दिवस ताटात असेल, पण पोट भाताने भरेल. वस्तू घेताना ‘कितनियोत (तांदूळ, डाळी वगैरे) खाणाऱ्यांसाठी’ असं छापलेलं दिसलं तर घाबरू नकोस, ते आपल्यासाठीच आहे.

पैसे खरे लागतात ते मात्सा आणि वाइनला. हाताने केलेला श्मुरा मात्सा, म्हणजे कापणीपासून पाण्यापासून जपलेल्या गव्हाचा, फार महाग, साध्याच्या कितीतरी पट. तो फक्त सेदेरच्या रात्रीपुरता घे, तीन अख्खे आणि वर थोडे. बाकी आठवडा यंत्राचा साधा. मोठी दुकानं सणाआधी ठराविक खरेदीवर तो नाममात्र दरात देतात, म्हणून मांस, तेल, अंडी त्याच फेरीत घे. नोकरीवर सणाचे तावीम (खरेदीची कुपनं) मिळाले असतील तर तेही इथेच वापर.

सेदेरला प्रत्येकाने चार प्याले घ्यायचे असतात, म्हणून वाइनचा हिशेब असा: एका प्याल्याला निदान 86 मिली, चार प्याल्यांचे माणशी साधारण 350. म्हणजे 750 मिलीच्या बाटलीत दोघं. दहा मोठी माणसं धरलीस तर पाच बाटल्या, आणि मुलांना द्राक्षाचा रस. मोठ्यांनाही रस चालतो, त्यात कमीपणा नाही. मिश्नात, म्हणजे आपल्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, म्हटलंय की इस्रायलमधल्या गरिबातल्या गरिबालाही चार प्याल्यांपेक्षा कमी देऊ नये, मग ते दानातून द्यावे लागले तरी. त्यासाठी सणाआधी थोडी रक्कम गरजूंकडे द्यायची असते. मी ती यादीत सगळ्यांत वर लिहिते, नाहीतर शेवटी ती राहूनच जाते. आणि कुठल्या वर्षी तुमचीच ओढाताण झाली तर तुमच्या सिनेगॉगमध्ये सांग. लाजू नकोस, मीही एका वर्षी सांगितलं आहे.

चौदा जणांचा भार एकटीने घेऊ नकोस. तोरातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात स्पष्ट आहे की घर लहान असेल तर शेजाऱ्याबरोबर मिळून पेसाखचं एक कोकरू घ्यावं. आमच्याकडे नणंद मटण आणते, एक भाचा वाइन, जावेकडे अंडी आणि सॅलडची पानं. फक्त कोणाच्या घरी काय शिजलं आणि कुठल्या भांड्यात, हे आधी मोकळेपणाने बोलून घे. खारोसेत, म्हणजे सेदेरचा खजुराचा गोड पदार्थ, मात्र मी दुसऱ्या कोणाकडे करायला देत नाही. दोन किलो खजूर भिजवून, उकळून, फडक्यातून पिळून रस आटवायचा, वर बदाम-अक्रोडाचा कूट. चौदा माणसांना पुरून उरतं आणि पुढे आठवडाभर मुलं मात्साला लावून खातात. खजूर पूरीमनंतर लगेच घेऊन ठेव, सण जवळ आला की भाव चढतो.