वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीची दारे जुळवताना

प्रश्न : माझी गाडी १९६०च्या दशकातली, चार दारांची आणि वेगळी चेसिस नसलेली आहे. तिची पुढची मडगार्डे बॉडीलाच वेल्ड केलेली आहेत. दोन्ही बाजूंच्या सिल (दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ तुळया) बदलून झाल्या असून गाडी सध्या इंजिनासह स्वतःच्या चाकांवर उभी आहे आणि पत्रा प्रायमरवर आहे. मागचे दार चहूबाजूंनी ५ मिलिमीटरच्या फटीत बसते. पुढच्या दाराची मागची फट मात्र वर ३ आणि खाली ८ मिलिमीटर भरते, तर पुढची फट वर ७ आणि खाली २ मिलिमीटर आहे. दाराच्या अंगावरची रेघ मागच्या दाराच्या रेघेपेक्षा सुमारे ६ मिलिमीटर खाली उतरते. स्ट्रायकर (दाराचे कुलूप ज्यात अडकते तो चौकटीवरचा भाग) वर घेतला की दार उचलले जाईल, असे मेकॅनिक म्हणतात. मला मात्र सिल बसवताना सांगाडाच वाकला असावा, अशी भीती वाटते. काय करावे?

उत्तर : आपण फटींची चारही मापे लिहून पाठवलीत, त्याबद्दल आभार मानतो, कारण आपल्या भीतीचे उत्तर त्या चार आकड्यांतच आहे. दाराच्या वरच्या भागातली पुढची आणि मागची फट मिळवली तर ७ आणि ३ मिळून १० मिलिमीटर होतात. खालच्या भागात २ आणि ८ मिळून तेवढेच १० होतात. दार काही लांबीला वर कमी आणि खाली जास्त होत नाही. त्यामुळे दोन्ही बेरजा सारख्या असतील तर ज्या चौकटीत दार बसते ती चौकट शाबूत आहे आणि दार तेवढे तिरके लटकते आहे. सांगाडा मधोमध खचला असता तर चौकट वरून मिटली असती आणि वरची बेरीज खालच्यापेक्षा लहान आली असती. तेव्हा सिलचे काम आपण नीट केले आहे, असे मी निःशंकपणे सांगतो.

ही बेरीज भरवशाची ठरली, कारण आपले मडगार्ड वेल्ड केलेले आहे आणि मागचे दार आधीच जागेवर आहे. १९५५ साली आलेल्या सिट्रोएन डीएससारख्या गाडीत बाहेरचे पत्रे सांगाड्यावर बोल्टने बसवलेले असतात. तिथे पुढचे मडगार्ड स्वतःच हलू शकते, म्हणून पुढचे माप मडगार्डापासून न घेता पिलरपासून, म्हणजे दाराच्या चौकटीच्या उभ्या खांबापासून, घ्यावे लागते. जे हलत नाही त्याच्यापासून सुरुवात करायची आणि हलणाऱ्याकडे जायचे, हा क्रम मी कधीही मोडत नाही. चार दारांच्या गाडीत मागचा वेल्ड केलेला पत्रा पहिला. मग त्याला धरून मागचे दार, त्याला धरून पुढचे दार, नंतर मडगार्ड आणि सर्वांत शेवटी बॉनेट. पुष्कळ लोक बॉनेटपासून मागे येतात, आणि साऱ्या चुका साठत साठत मागच्या दारापाशी येऊन थांबतात, जिथे हलवण्यासारखे काहीच उरलेले नसते.

आता दार का लटकले ते पाहू. दार अर्धे उघडा, मागच्या कडेखाली दोन्ही हात घालून ते हलकेच वर-खाली करा आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाला वरच्या बिजागरीच्या सांध्यावर अंगठा ठेवायला सांगा. डोळ्यांना न दिसणारा अर्ध्या मिलिमीटरचा खेळही अंगठ्याला कळतो. पिनच्या जागी हालचाल जाणवली तर पिन आणि तिच्याभोवतीचे बुश झिजले आहेत आणि ते बदलल्याशिवाय पुढचे कोणतेही माप खरे नाही. पिन घट्ट असून बिजागरीचे पान पिलरसकट हलत असेल तर पिलरच्या पत्र्याला तडा गेला आहे किंवा आतली नटांची पट्टी सुटली आहे. अशा वेळी दुरुस्ती पिलरची करावी लागते, दाराची नव्हे.

पिनचा खेळ संपवून फटी पुन्हा मोजा. मापे तरीही आजच्यासारखीच आली, तर किती सरकवायचे याचा अंदाज आधीच करता येतो. समजा, आपण फट जिथे वर आणि खाली मोजली त्या दोन जागांमध्ये ७०० मिलिमीटर अंतर आहे आणि त्यांच्या मधल्या भागात दोन्ही बिजागऱ्या एकमेकींपासून ३५० मिलिमीटरवर आहेत. ७०० मिलिमीटरमध्ये ५ मिलिमीटरचा तिरकेपणा म्हणजे बिजागऱ्यांपाशी केवळ अडीच मिलिमीटरचा फरक झाला. सगळीकडे ५ मिलिमीटरची फट हवी असेल तर वरच्या बिजागरीमागून पाऊण मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढायच्या आणि खालच्या बिजागरीमागे पावणेदोन मिलिमीटरच्या घालायच्या. तेवढ्याने दाराचे शेपूट, म्हणजे मागची कड, सुमारे सहा मिलिमीटर वर येते, म्हणजे आपली बुडालेली रेघही त्याच हालचालीत जागेवर येते. पहिल्यांदा हे करून पाहणाऱ्याला एवढ्याशा पट्टीने एवढा फरक कसा पडतो याचे नवल वाटते, पण दार ही लांब तरफ आहे.

स्ट्रायकर वर घेण्याचा सल्ला मात्र कृपया मानू नका. दार बंद करताना त्याने दर वेळी शेपूट उचलले जाईल, बंद दाराची रेघ जुळल्यासारखी दिसेल, आणि दार उघडले की ते पुन्हा खाली पडेल. तो सगळा ताण बिजागऱ्यांच्या पिना आणि कुलपाचे तोंड सोसत राहतील. मी जुळवणीच्या दिवशी सर्वांत आधी स्ट्रायकर काढून बाजूला ठेवतो. दार मोकळे लटकत असताना रेघ आणि फट जुळली पाहिजे. त्यानंतर स्ट्रायकर अशा उंचीवर बसवायचा की दार सावकाश उघडताना ते वर उचलले जात नाही आणि खालीही बसत नाही.

बोल्ट सैल करण्यापूर्वी बिजागरीच्या कडेने पिलरवर अणकुचीदार खिळ्याने रेघ ओढून ठेवा. एका वेळी एकच बिजागरी सैल करा, दाराखाली लाकडी ठोकळा ठेवलेला जॅक असू द्या आणि प्रत्येक बदलानंतर बोल्ट पूर्ण आवळूनच मोजा, कारण अर्धवट आवळलेल्या बोल्टवर घेतलेले माप आवळताच बदलते. फट मोजायला ड्रिलच्या बिटचा गुळगुळीत दांडा पुरतो; ५ मिलिमीटरचा बिट सगळीकडे सारख्याच घट्टपणाने फिरला की फट बरोबर झाली. बाहेर-आत अशी पातळी जुळवताना दाराची पुढची कड मडगार्डाच्या पातळीपेक्षा अर्धा मिलिमीटर आत राहिली तर चालेल, पण बाहेर नको. बाहेर आलेली कड वारा अडवते आणि धावत्या गाडीत शीळ ऐकू येते.

आपली गाडी इंजिनासह चाकांवर आहे, हे फार चांगले आहे. माझ्या पहिल्या गाडीची दारे मी मोकळा सांगाडा जॅकवर असताना जुळवली होती. इंजिन आणि गिअरबॉक्स बसल्यावर दोन्ही बाजूंच्या फटी बदललेल्या दिसल्या आणि तोवर रंग झालेला होता. ते काम पुन्हा पत्र्यापासून करावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते.

प्रश्न : माझी दोन आसनी उघडी एमजीबी आहे. दोन्ही सिल गंजून गेल्या आहेत. त्या कापण्यापूर्वी दारे काढून ठेवावीत का?

उत्तर : नाही, दारे जागेवरच राहू द्या. १९६२ साली आलेल्या एमजीबीला वेगळी चेसिस नाही आणि उघड्या गाडीला छपराचा आधारही नाही, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांपासून दूर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः सिलच करतात. सिल कापली आणि गाडी दोन टोकांना टेकलेली असली की मधला भाग खचतो, चौकट वरून मिटते आणि दार अडकते. एकदा त्या अवस्थेत नवी सिल वेल्ड झाली की पट्ट्या घालून किंवा बिजागरी सरकवून ते दार जुळत नाही. सिल पुन्हा कापावी लागते.

म्हणून गाडी सपाट जमिनीवर, वजन सस्पेन्शनच्या आधारस्थानांवर येईल अशी टेकवा. दाराच्या चौकटीत पुढच्या पिलरपासून मागच्या पिलरपर्यंत लोखंडी नळी वेल्ड करून किंवा बोल्टने आवळून आडवा आधार द्या. दार उघडता-मिटता येईल अशा बेताने तो आतल्या अंगाने घ्या. कापण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण आणि वर-खालची रुंदी मोजून कागदावर लिहा. एका वेळी एकच बाजू हाती घ्या. नवी सिल आधी क्लॅम्पने धरून तिच्यावर दार मिटून पाहा आणि फट मनासारखी आली की मगच वेल्डचे टाके मारा, तेही एका टोकाकडून सलग न मारता जागा बदलत, म्हणजे उष्णतेने पत्रा एकाच दिशेला ओढला जाणार नाही. दर चार-सहा टाक्यांनंतर दार मिटून पाहण्याचा कंटाळा करू नका.

प्रश्न : उघड्या पत्र्यावर जुळवलेले दार रंगानंतर आणि नवे रबर बसवल्यावर मागच्या कडेला ३ मिलिमीटर बाहेर राहते. जोराने आपटावे लागते. बिजागऱ्या पुन्हा सैल कराव्यात का?

उत्तर : बिजागऱ्यांना हात लावू नका. आधी रबर पूर्ण काढून दार मिटून पाहा. ते पातळीत बसले तर दोष रबराचा आहे. नवे रबर कडक असते आणि काही आठवडे दार मिटलेले ठेवल्यावर ते थोडे दबते. पण त्याचा छेदच मूळ रबरापेक्षा जाड असेल तर कितीही वाट पाहिली तरी ते बसणार नाही, ते बदलावेच लागते. कोणत्या जागी अडते ते पाहण्यासाठी कागदाची बोटभर रुंद पट्टी रबरावर ठेवून दार मिटा आणि ती ओढा. चौकटीभोवती दहा-बारा ठिकाणी असे केले की कुठे पट्टी फाटेपर्यंत अडते आणि कुठे सहज निसटते ते कळते. वर घट्ट आणि खाली सैल असे निघाले तर दाराला पीळ पडला आहे. अशा वेळी वरच्या मागच्या कोपऱ्यापाशी दार आणि पिलर यांच्यामध्ये रबर गुंडाळलेला लाकडी ठोकळा धरून खालचा कोपरा गुडघ्याने हळूहळू आत दाबतात. त्यामुळे खालचा कोपरा आत जातो आणि वरचा बाहेर येतो. थोडे दाबा, पाहा, पुन्हा दाबा.

रंगाची जाडीही विचारात घ्यायला हवी होती. प्रायमरचे आणि रंगाचे थर मिळून प्रत्येक कडेला मिलिमीटरचा काही अंश वाढतो, आणि फटीला दोन कडा असतात. म्हणून उघड्या पत्र्यावर जुळवताना फट किंचित मोठी ठेवावी आणि नवे रबर लावूनच जुळवावे. यानंतर दुसरे दार जुळवाल तेव्हा आणखी एक गोष्ट करा : जुळवणी पक्की झाली की दार काढण्यापूर्वी बिजागरीचे पान आणि पिलर यांतून ३ मिलिमीटरचे भोक आरपार पाडा. रंगानंतर दार चढवताना त्या भोकातून त्याच मापाचा बिट घातला की बिजागरी आधीच्याच जागेवर येते, आणि ताज्या रंगाशेजारी पाना घेऊन चाचपडण्याची वेळ येत नाही.