४८ तासांत माहितीपट खरंच करता येतो का?

तुम्ही विचारलंय की तुम्ही गोव्यातल्या फोंड्याचे तिघं मित्र पहिल्यांदाच वेळेच्या स्पर्धेत उतरताय. विषय शुक्रवारी संध्याकाळी सातला मिळणार, फिल्म रविवारी सातला द्यायची. एवढ्या वेळात माहितीपट होतो का आणि तयारी काय करायची, हा तुमचा प्रश्न. होतो. मी दोनदा उतरलो. पहिल्या वर्षी अकरा मिनिटं उशीर झाला, म्हणून आमची फिल्म दाखवली पण स्पर्धेत धरली नाही. दुसऱ्या वर्षी वेळेत पोहोचलो. त्या दोन वर्षांतलं जे उपयोगी वाटतं ते लिहितो.

आधी एक फरक ध्यानात घ्या. यातल्या बहुतेक स्पर्धा कथापटांच्या पठडीत घडलेल्या आहेत. ४८ अवर फिल्म प्रोजेक्ट २००१ मध्ये वॉशिंग्टनला सुरू झाला. त्यात चिठ्ठी काढून फिल्मचा प्रकार (विनोदी, भयपट वगैरे) मिळतो, शिवाय एक पात्र, एक वस्तू आणि एक संवाद सगळ्यांना सारखा. आपल्याकडे पणजीत इफ्फीतही (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) २०२२ मध्ये निवडलेल्या ७५ तरुणांच्या पाच गटांनी ५३ तासांत लघुपट केले. महोत्सव त्रेपन्नावा म्हणून तास त्रेपन्न. कथापटात रात्री दोन वाजता नटाला सांगितलं की तो पुन्हा दार उघडून आत येतो. माहितीपटात माणूस त्याच्या कामाच्या वेळेला येतो आणि जातो. इंटरनॅशनल डॉक्युमेंटरी चॅलेंज ही खास माहितीपटांची स्पर्धा होती, ती चार ते सात मिनिटांच्या फिल्मला पाच दिवस द्यायची. तो आकडा मला आजही योग्य वाटतो. तुम्हाला दोनच दिवस आहेत, म्हणजे उरलेल्या तीन दिवसांचं काम शुक्रवारच्या आधी व्हायला हवं.

आधी काय करता येतं? चित्रण नाही. पण माणसांना भेटायला सहसा कुठल्याही नियमाची आडकाठी नसते (तुमच्या स्पर्धेचे नियम एकदा वाचून घ्या). तीन-चार माणसं आणि जागा आधीच हेरून ठेवा, त्यांच्याकडे दोन-तीनदा कॅमेरा न नेता जा, चहा घ्या, घरच्यांशी बोला. 'वारसा', 'पाणी', 'हात' असा कुठलाही विषय आला तरी यातलं एखादं माणूस त्यात बसतंच. विषय कळल्यावर माणूस शोधायला निघालात तर शनिवार सकाळ त्यातच जाते, आणि मग नाइलाजाने मंगेशीची दीपमाळ, जुन्या गोव्याची चर्च आणि वर निवेदन, अशी फिल्म होते. ती सगळ्यांचीच तशी होते.

दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. ज्याला स्वतःचं घड्याळ आहे असं काम निवडा, जे एका रात्रीत किंवा एका सकाळी आपणहून सुरू होतं आणि संपतं. आम्ही दुसऱ्या वर्षी चोडण बेटावरच्या खाजणातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतली) मानस, म्हणजे पाण्याचं दार, घेतली. तुम्हाला माहीत असेलच, पण तुमच्या मित्रांसाठी सांगतो. खाडीच्या बांधात लाकडी दार असतं. भरतीचं पाणी ते बाहेरून दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ते उघडतं. त्या वेळी तोंडाशी जाळं लावून सुंगटां (कोळंबी) आणि बारीक मासळी धरतात. मासे धरण्याच्या हक्काची पावणी (लिलाव) होते, आणि ज्याला हक्क मिळतो तो वर्षभर चंद्राच्या हिशोबाने उठतो-झोपतो. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पुनवेला पाण्याला ओढ जास्त, तेव्हा जाळंही जड.

शुक्रवारी विषय मिळाल्यावर आम्ही रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलो. तिथल्या मानशीवर मासे धरणाऱ्या काकांची आधी तीनदा भेट झाली होती, त्यामुळे ओळखीवर वेळ गेला नाही. तरीही मी एक चूक केली. त्यांना खुर्चीवर बसवलं, दिवा लावला आणि प्रश्न विचारले. ते शाळेतल्यासारखे ताठ बसले, उत्तरं एका शब्दाची. मी सारखा मनगटाकडे बघत होतो. शेवटी ते म्हणाले, "घड्याळ कित्याक पळयता? उदक पळय." (घड्याळ कशाला बघतोस? पाणी बघ.) आणि उठून बांधावर गेले. आम्ही मागोमाग. दीडच्या सुमाराला फळीच्या खालून पाण्याची एक बारीक रेघ बाहेर सुटली. त्यांनी टॉर्च फक्त त्या रेघेवर धरला, हात आडवा करून आम्हाला गप्प केलं आणि कान लावून ऐकलं. मग जाळं सोडलं. ती चाळीस सेकंदं आमच्या फिल्मचं पहिलं दृश्य झाली. खुर्चीवरच्या मुलाखतीतलं एकही वाक्य आम्ही वापरलं नाही.

म्हणून मुलाखत घ्यायचीच तर काम संपल्यावर, हात धुवून होईपर्यंत थांबून, आणि दहा मिनिटांत आवरा. जितकं बोलणं जास्त तितकं उतरवून काढायला लागतं, आणि कोकणीला किंवा मराठीला इंग्रजी उपशीर्षकं द्यायची असतील तर शनिवारची अख्खी दुपार त्यातच जाते.

तांत्रिक बाबी थोडक्यात. ४-केचा मोह धरू नका. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी होतात, ती कॉपी करण्यात आणि लॅपटॉप अडकण्यातच रात्र जाते. ट्यूबलाइटखाली शटर १/५० सेकंदावर ठेवा. १/६० ठेवलं तर आपल्याकडच्या विजेवर पट्टे दिसू शकतात. माइकवर पैसे खर्च करा, लेन्स मित्राची मागून घ्या. संमतीपत्र मराठीत किंवा कोकणीत छापून ठेवा, आणि सही घेण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा.

आणि रविवारी दुपारी दोनला संकलन बंद. पहिल्या वर्षीची आमची अकरा मिनिटं इथेच गेली. सहा वाजून वीस मिनिटांनी उपशीर्षकात एक चूक दिसली, ती सुधारून पुन्हा रेंडर (अंतिम फाइल बनवणं) लावला आणि अपलोड अर्ध्यावर असताना वीज गेली. आज तीच चूक दिसली तर मी ती तशीच राहू देईन. दीड जीबीच्या फाइलला १० एमबीपीएसच्या लाइनवर वीस मिनिटं लागतात. तिप्पट धरा आणि दुसरा पर्याय म्हणून फोनचा हॉटस्पॉट चार्ज करून ठेवा.

एक शेवटचं. महिन्याभराने आम्ही फिल्म काकांच्या घरी लॅपटॉपवर दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा झाल्यावर विचारलं, जाळं वर घेताना सुंगटं फडफडतात त्याचा आवाज का नाही ठेवला? आवाज आमच्याकडे स्वच्छ होता. त्यावर आम्ही बासरी घातली होती.