फुल स्टॅक इंजिनिअरला नेमकं काय यावं लागतं? बी.एस्सी.वर जमेल का?

तुमचं बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स झालंय, इंजिनिअरिंगची डिग्री नाही. डेक्कनवरचा एक क्लास सहा महिन्यांत फुल स्टॅक, म्हणजे ॲपची दिसणारी स्क्रीन आणि मागचा सर्व्हर-डेटाबेस दोन्ही, शिकवतो म्हणतोय. फी भरावी का आणि या कामाला खरंच काय लागतं, हे तुम्ही विचारलंय.

माझंही बी.एस्सी.च, पुण्यातलंच. पहिली नोकरी हिंजवडीत, प्रॉडक्शन सपोर्टची, म्हणजे लोक वापरत असलेल्या सिस्टिममधले बिघाड बघायची. रात्रपाळी, तिकिटं (आलेल्या तक्रारी) आणि लॉग (सिस्टिमने स्वतः लिहिलेल्या नोंदी) वाचणं. तिथून जावा बॅकएंडला, म्हणजे सर्व्हरच्या बाजूला आलो, पुढे छोट्या टीममध्ये स्क्रीनचं कामही अंगावर पडलं, आणि आता खराडीत एका प्रॉडक्ट कंपनीत दोन्ही बाजू सांभाळतो. डिग्रीचं म्हणाल तर काही कंपन्या फ्रेशर घेताना बी.ई.ची अट घालतात, तिथे तुमचा अर्ज पुढे सरकणार नाही. पण टीसीएस, विप्रोसारख्या कंपन्यांनी बी.एस्सी., बी.सी.ए.वाल्यांसाठी वेगळी भरती चालवलेली आहे. दोन-तीन वर्षं काम केल्यावर मला डिग्रीबद्दल फारसं कुणी विचारलं नाही.

आता काय यावं लागतं ते. समजा, कोथरूडमधल्या एका दवाखान्यासाठी तुम्ही अपॉइंटमेंटचं ॲप लिहिताय. शनिवारी सकाळी साडेदहाची एकच वेळ उरली आहे आणि दोन पेशंट एकदमच ‘बुक करा’ दाबतात. गेलेली वेळ स्क्रीनवर दाखवायचीच नाही, हा पहिला उपाय सुचतो. पण दुसऱ्याच्या फोनवर ती स्क्रीन आधीच उघडलेली असते. मग सर्व्हरवर, सेव्ह करायच्या आधी वेळ मोकळी आहे का ते तपासायचं. तेही पुरत नाही, कारण दोन्ही रिक्वेस्ट एकाच क्षणी तपासतात, दोघींनाही मोकळी दिसते आणि दोघांचंही बुकिंग होतं. टेस्टिंगमध्ये हे सहसा सापडत नाही, कारण तिथे बटण दाबणारे आपण एकटेच असतो.

याला पक्का अटकाव डेटाबेसमध्ये करायचा: डॉक्टर, तारीख आणि वेळ या तिन्हींवर मिळून एक युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तेच तिन्ही दुसऱ्यांदा घ्यायचे नाहीत असा नियम. दुसरा इन्सर्ट (टेबलात नवी ओळ घालणं) मग डेटाबेसच नाकारतो. हा नकार सर्व्हरने पकडायचा, ५०० (सर्व्हर बिघडला) ऐवजी ४०९ (आधीच्या नोंदीशी टक्कर) हा कोड पाठवायचा, आणि पेशंटला ‘ही वेळ आत्ताच गेली, अकराची मोकळी आहे’ असं साध्या मराठीत दिसलं पाहिजे. अजून एक गोम आहे. रद्द झालेली अपॉइंटमेंट तुम्ही टेबलात तशीच ठेवत असाल, तर तोच कन्स्ट्रेंट ती वेळ पुन्हा कुणाला देऊ देणार नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये यासाठी पार्शल युनिक इंडेक्स आहे, रद्द न झालेल्या ओळींपुरताच लागू होणारा.

बटणापासून टेबलातल्या ओळीपर्यंत आणि तिथून परत स्क्रीनपर्यंत, हा सगळा रस्ता एकट्याला डोक्यात धरता येणं म्हणजे फुल स्टॅक, असं मी मानतो. रेझ्युमेवर वीस टेक्नॉलॉजींची नावं असतात, पण हे जमतंच असं नाही. एआयची टूल्स बुकिंगचा कोड मिनिटात लिहून देतात. दोन पेशंट एकदम आले तर काय, हे विचारायचं भान मात्र तुमच्याकडेच लागतं.

म्हणून शिकताना वजन कुठे टाकायचं ते नीट ठरवा. एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा सत्तरच्या दशकातली आहे आणि आजही रोज लागतं. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड २००९ मध्ये आलं, स्क्रीन बनवायचं रिॲक्ट २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. अँग्युलर हे स्क्रीनचंच फ्रेमवर्क (कोडचा तयार सांगाडा) तर २०१६ मध्ये इतकं बदललं की जुना कोड बऱ्याच अंशी नव्याने लिहावा लागला. फ्रेमवर्क एक घ्या, नीट घ्या, पण डेटाबेसमधले जॉइन (टेबलं जोडणं), इंडेक्स (पटकन शोधायची सूची), ट्रान्झॅक्शन (सगळं होईल किंवा काहीच नाही), एचटीटीपी (ब्राउझर आणि सर्व्हर बोलण्याचे नियम) आणि जावास्क्रिप्टचा इव्हेंट लूप (कामं रांगेने घेण्याची पद्धत) इतके पक्के करा की कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतील. गिट (कोडमधले बदल जपून ठेवायचं टूल) आणि लिनक्सच्या कमांड वापरता वापरता येतातच. ब्राउझरचा नेटवर्क टॅब (सर्व्हरशी काय देवाणघेवाण झाली ते दाखवणारा) उघडा ठेवून काम करायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. बिघाड कोणत्या बाजूला आहे, हे बहुतेक वेळा तिथेच कळतं.

एका बाजूत आधी खोल जा, हेही आग्रहाने सांगतो. मला सपोर्टमधल्या लॉगवाचनाने जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच कोर्सने शिकवलं नाही, त्यामुळे सपोर्टची ऑफर आली तर कमी समजून सोडू नका.

क्लासचं: फी भरण्याआधी त्यांना विचारा की ट्रान्झॅक्शन आणि डिप्लॉयमेंट (ॲप सर्व्हरवर चढवणं) शिकवता का, आणि शिकवणाऱ्याने स्वतः प्रॉडक्शनवर काम केलंय का. उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे देऊ नका. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणत असतील तर ते लेखी मागा, आणि पगारातून फी कापायचा करार असेल तर पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. शिस्तीत शिकायचं असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक हा डिप्लोमा बघा. साधारण सहा महिन्यांचा आहे, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून मिळतो. पात्रतेच्या अटी अर्ज भरण्याआधी तपासा. तोवर हे दवाखान्याचं ॲप स्वतः लिहून इंटरनेटवर चढवा आणि दोन मित्रांना एकाच वेळी बटण दाबायला सांगा.