अर्धा गुण आणि तडकलेली गाडी

प्रश्न : ताई, माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. वर्षभर कोल्हापूरला कार्टिंगला, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्या चालवायला जाते. शाळेच्या प्रश्नमंजूषेत विचारलं, ‘फॉर्म्युला वनच्या विश्वस्पर्धेत गुण मिळवणारी एकमेव बाई कोण आणि तिचे गुण किती?’ हिने बरोबर सांगितलं : लेला लोम्बार्डी, अर्धा गुण. वर्ग हसला. घरी येऊन म्हणाली, ‘बाबा, अर्धाच?’ अर्धा गुण देतात तरी कसा? आणि ती खरोखर चांगली ड्रायव्हर होती का? आणखी एक, हल्ली हिची तक्रार असते की उजव्या वळणावर कार्ट घसरते. मी म्हणतो, आधी नीट चालवायला शीक. बरोबर ना?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बरोबर नाही. का, ते लेलाच्या गाडीपाशी पोचलो की कळेल.

अर्ध्या गुणाचा हिशेब सोपा आहे. 27 एप्रिल 1975, बार्सिलोनातला मोंजुइक डोंगर, शहरातल्याच रस्त्यांवरची स्पॅनिश ग्रांप्री, म्हणजे फॉर्म्युला वन विश्वस्पर्धेतली एक शर्यत. कडेचे लोखंडी कठडे नीट बोल्ट न करता उभे केले होते, म्हणून ड्रायव्हर शर्यतीआधी अडून बसले होते. संघांच्या मेकॅनिकांनी पाने घेऊन स्वतः बोल्ट आवळले. तेव्हाचा विश्वविजेता एमर्सन फिटिपाल्डी तर शर्यत न धावताच घरी गेला. आणि 26व्या फेरीत, आघाडीवर असलेल्या रोल्फ स्टोमेलेनच्या गाडीचा मागचा पंख, म्हणजे गाडी जमिनीवर दाबून धरणारी आडवी पट्टी, तुटला, गाडी कठड्यापलीकडे उडाली, कडेला उभी असलेली माणसं दगावली. 75 फेऱ्यांची शर्यत 29 फेऱ्यांवर थांबवली. अंतर पुरं झालं नाही म्हणून सगळ्यांचे गुण निम्मे. पहिला आलेल्या योखेन मासला 9 ऐवजी साडेचार, सहावी आलेल्या लेलाला 1 ऐवजी अर्धा. ती विजेत्याच्या दोन फेऱ्या मागे होती, हेही सांगायला हवं. पण सुरुवात जवळजवळ रांगेच्या शेवटून केली होती, आणि पुढचे एकेक करून बाद होत असताना तिने गाडी रस्त्यावर ठेवली होती.

म्हणजे हा अर्धा गुण बाई म्हणून कोणी काढून दिलेला नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रियात पावसामुळे शर्यत थांबली, तेव्हा तिच्याच संघातल्या व्हित्तोरिओ ब्रांबिलाला विजयाचे साडेचारच गुण मिळाले. त्याला कोणी हसत नाही. आणि मुलीला हेही सांगा : 1984चं विश्वविजेतेपद निकी लाउडाने आलँ प्रोस्तपेक्षा नेमका अर्धा गुण जास्त मिळवून जिंकलं, 72 विरुद्ध साडेएकाहत्तर.

आता ती कशी होती ते. जन्म 1941चा, इटलीतल्या पिडमाँटमधलं फ्रुगारोलो हे गाव. वडिलांचं मांसाचं दुकान. दुकानाच्या व्हॅनमधून माल पोचवता पोचवता हिचा हात बसला. 1974मध्ये ब्रिटिश ग्रांप्रीला पात्रता हुकली. त्या गाडीवर आकडा होता 208, कारण पैसे रेडिओ लक्झेंबर्गचे आणि ते स्टेशन 208 मीटरवर लागायचं! पुढच्या वर्षी मार्च संघाची गाडी मिळाली. 1975च्या जर्मन ग्रांप्रीत, न्युर्बुर्गरिंगच्या जंगलातल्या जवळपास तेवीस किलोमीटरच्या एकेका फेरीवर, ती सातवी आली. तेव्हा गुण पहिल्या सहांनाच मिळत. माझ्या लेखी मोंजुइकपेक्षा ही सातवी जागा मोठी. त्या रस्त्यावर चौदा फेऱ्या पुऱ्या करणं ही चेष्टा नव्हती.

आणि हे सगळं कोणत्या गाडीत? ती हंगामभर सांगत होती की वळणावर गाडी ऐकत नाही. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. 1976च्या पहिल्याच शर्यतीनंतर तिची जागा रॉनी पीटरसनला दिली. स्वीडनचा रॉनी त्या काळातल्या सर्वांत वेगवान ड्रायव्हरांपैकी एक. त्या गाडीत बसल्यावर त्यानेही तेच सांगितलं. तेव्हा मेकॅनिकांनी गाडी खोलली. मागचं बल्कहेड, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातली मॅग्नेशियमची मोठी ओतीव आडभिंत, तडकलेली निघाली. मागचा सगळा भार जिच्यावर, तीच. लेलाने त्याच गाडीत शर्यती केल्या होत्या.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. जयसिंगपूरजवळच्या आमच्या गावातून वडिलांचा मॅटाडोर मी सांगलीच्या बाजारात न्यायची, पहाटे चारला, वांगी आणि ढबू मिरची भरून. गाडी एका अंगाने बसते, वळताना ओढते, असं महिनाभर सांगत होते. गॅरेजवाला माझ्याकडे न बघता वडिलांना म्हणाला, ‘अण्णा, पोरीच्या हातात जोर नाही.’ मग एका रविवारी भाऊ अंकली पुलापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, ओढतेय. पाच मिनिटांत गॅरेजवाला गाडीखाली! कमानीचा मुख्य पाटा तुटला होता, तुटलेल्या कडेवर गंज धरला होता. गंज एका दिवसात धरत नाही. मी तो तुकडा उचलून घरी आणला. अजून आहे.

लेला थांबली नाही. 1976च्या ऑस्ट्रियन ग्रांप्रीत बारावी आली, ती तिची शेवटची. एकूण बारा शर्यती धावली. तिच्यानंतर आजपर्यंत एकही बाई विश्वस्पर्धेच्या ग्रांप्रीत सुरुवातीच्या रांगेत उभी राहिलेली नाही, आणि याचा मला राग येतो. पुढे स्पोर्ट्स कारमध्ये तिने ओसेला गाडीतून 1979ची व्हालेलुंगाची आणि 1981ची मुजेल्लोची सहा तासांची शर्यत जिंकली, दोन्ही जॉर्जो फ्रांचियाच्या जोडीने. 1992मध्ये कर्करोगाने गेली, एक्कावन्नही पुरी नव्हती. प्रश्नमंजूषेत मुजेल्लो विचारत नाहीत.

तर तुमच्या मुलीची कार्ट. कार्टला सस्पेन्शन नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अॅक्सलवर असतात. वळताना नळ्यांची फ्रेम लवते आणि आतलं मागचं चाक किंचित उचलतं, म्हणून कार्ट वळते. वेल्डिंगला बारीक चीर गेली किंवा अॅक्सल वाकला, तर एकाच बाजूच्या वळणावर फरक जाणवतो. ती ‘उजव्या वळणावर’ म्हणतेय, नुसतं ‘घसरते’ म्हणत नाही. इतकं नेमकं सांगणाऱ्याचं ऐकायचं असतं.

या रविवारी तिच्यासमोर कार्ट आडवी करायला सांगा. फ्रेमचे जोड पुसून घ्या, तेलाखाली चीर दिसत नाही, आणि टॉर्च तिच्या हातात द्या. चारही टायरांची हवा मोजा. अॅक्सल हाताने फिरवून बघा, डुलतो का. काही सापडलं नाही तर दुसऱ्या कोणाला त्याच कार्टवर चार फेऱ्या मारायला लावा, पण तिचं म्हणणं आधी त्याच्या कानावर घालू नका. काय निघालं ते मला कळवा.