फेसात परफ्लुरोहेक्झेनची वाफ घातली की तो जास्त का टिकतो?

तुम्ही विचारलंय की नायट्रोजनच्या फेसात परफ्लुरोहेक्झेनच्या (कार्बन आणि फ्लोरीनच्या एका द्रवाच्या) वाफेने एवढा फरक पडतो, तर फ्लोरीनवाला सर्फॅक्टंट (फेस करणारा साबणासारखा पदार्थ) घातल्यावर फेस आणखी टिकेल का. टिकेलच असं नाही. दोघांत फ्लोरीन आहे, पण कामं वेगळी.

फेस बसतो तो पाणी निथळल्यामुळे, बुडबुड्यांमधले पाण्याचे पडदे फुटल्यामुळे आणि लहान बुडबुड्यांतला वायू मोठ्यांत गेल्यामुळे. वाफ रोखते ती मुख्यतः ही तिसरी गोष्ट. बुडबुडा जितका लहान, तितका आतला दाब जास्त. नायट्रोजन पाण्यात थोडा का होईना विरघळतो, त्यामुळे पडद्यातून शेजारी सटकतो आणि लहान बुडबुडा संपतो. परफ्लुरोहेक्झेन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, ते आतच अडकतं. नायट्रोजन निघत जातो तसं आतलं वाफेचं प्रमाण वाढतं आणि नायट्रोजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) उतरतो. तो शेजारच्याएवढा झाला की गळती थांबली!

वाफ किती लागते? पृष्ठताण 30 मिलिन्यूटन प्रति मीटर आणि त्रिज्या 0.1 मिमी धरली, तर द्रवातल्या बुडबुड्यात जादा दाब फक्त 600 पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या 1 टक्क्याहूनही कमी. म्हणून थोडी वाफ पुरते. 1 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येला मात्र हाच दाब 60,000 पास्कलवर जातो. सोनोग्राफीत शिरेतून देतात त्या कॉन्ट्रास्टच्या सूक्ष्म बुडबुड्यांत म्हणूनच हवेऐवजी ऑक्टाफ्लुरोप्रोपेन किंवा सल्फर हेक्झाफ्लोराइड भरतात.

काचेच्या दोन मेजरिंग सिलिंडरमध्ये एकाच सर्फॅक्टंटचा फेस करून भिंगातून बघा. सुरुवातीला खाली निथळणारं पाणी दोन्हीकडे साधारण सारखंच. मग साध्या नायट्रोजनच्या फेसात काचेलगतचे बुडबुडे फुगत जातात, वाफेच्या फेसात मात्र ते रव्यासारखे बारीक राहतात. पुढे याचा निथळण्यावरही परिणाम होतो, कारण बारीक फेसातून पाणी हळू उतरतं.

फ्लोरीनवाला सर्फॅक्टंट पृष्ठताण 15 ते 20 मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत खाली आणतो. दाबातला फरक त्याने कमी होतो, नाहीसा होत नाही. त्याची खरी करामत पेट्रोलच्या आगीवर: त्याच्या रेणूंच्या फ्लोरीनवाल्या शेपट्या तेलातही मिसळत नाहीत, आणि ताण पेट्रोलपेक्षा कमी असल्याने पाण्याचा पातळ थर पेट्रोलवर पसरतो. साध्या फेसासाठी मी तो वापरणार नाही. ही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत, त्यांतलं पीएफओएस हे रसायन 2009 पासून स्टॉकहोम कराराच्या (न विघटणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे.

उलट वाफ सर्फॅक्टंटच्या थरातही शिरते. फुप्फुसातल्या डीपीपीसी या लिपिडचा थर तिच्यामुळे घट्ट गोठत नाही, प्रवाही राहतो. त्यामुळे तुलना करताना सर्फॅक्टंट तोच ठेवून फक्त वायू बदला. परफ्लुरोहेक्झेन 57 अंशांच्या आसपास उकळतं, नायट्रोजन त्यातून बुडबुडत नेला तरी पुरेशी वाफ मिळते. हे फ्यूम हुडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात) करा, आणि वाफ कमीत कमी वापरा: हा फार तीव्र हरितगृह वायू आहे.