लेक दिवसभर पेंगते, हसताना गुडघे गळतात

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची, मुलुंडहून रोज लोकलने दादरला कॉलेजला जाते. वर्षभर झालं, कुठेही झोपते. परवा जेवताना घास हातातच आणि मान खाली. रात्री मात्र पाच-सहा वेळा जाग येते, कधी घाबरून सांगते की छातीवर कोणीतरी बसलं होतं, हातच हलत नव्हता. गेल्या महिन्यात खळखळून हसली आणि गुडघे गळून खालीच बसली, सासूबाईंनी कांदा हुंगवला. घरात कोणी आळस म्हणतं, कोणी मोबाइल, आता बाहेरचं बघायचं चाललंय. काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे पोरीला आळशी म्हणणं आजपासून बंद करा. हसता हसता गुडघे गळाले हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण त्यावरूनच मला नार्कोलेप्सी या झोपेच्या आजाराची दाट शंका येतेय, अर्थात पक्कं तपासणीनंतरच. त्या गळण्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात, त्यात शुद्ध जात नाही, तिला तुमचं सगळं बोलणं ऐकू येत असतं, म्हणून कांदा नको, नुसतं धरून बसवा, थोड्या वेळात सावरते.

होतं काय, की आपल्या मेंदूत ओरेक्सिन नावाचं एक रसायन जागेपण धरून ठेवतं, १९९८ मध्ये त्याचा शोध लागला, आणि या आजारात ते बनवणाऱ्या पेशीच मरतात. एरवी आपल्याला झोप लागल्यावर साधारण ९० मिनिटांनी स्वप्नांची झोप येते आणि तेव्हा अंग ढिलं पडतं, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरंच पळालो असतो. या आजारात ती झोप पंधरा मिनिटांच्या आतच येते, कधी जागेपणातच घुसते. मग हसताना अंग सुटतं, आणि पहाटे डोळे उघडले तरी स्वप्न आणि ढिलेपणा चालूच राहतो, तेच तिचं छातीवर बसलेलं माणूस, बाहेरचं काही नाही हो. रात्रीची झोपही अशीच तुटते, त्यामुळे २४ तासांचा हिशेब केला तर ती इतरांपेक्षा फार जास्त झोपतच नसते.

केईएम किंवा सायनच्या न्यूरॉलॉजी ओपीडीत दाखवा. रात्रभराची स्लीप स्टडी आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी छोटी डुलकी घ्यायला लावून टेस्ट करतात. घोरणं, झोपेत श्वास अडकणं हेही त्यात कळतं, कारण पेंगण्याचं ते कारण जास्त सापडतं. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, टेस्टवर फरक पडतो, पण स्वतःहून बंद करू नका. आजार पूर्ण जात नाही, तरी गोळ्यांनी जागेपण आणि ते गळणं दोन्ही बरंच आटोक्यात येतं, शिवाय दुपारी ठरलेल्या वेळी १५-२० मिनिटं झोपू दिलं तर पुढचे काही तास बरे जातात, कॉलेजला तशी डॉक्टरांची चिठ्ठी द्या.

तोवर स्कूटी नको, पोहणं नको. आणि गाडीत दाराशी तर अजिबात उभं राहू देऊ नका, उलटं ठाण्याला जाऊन तिथून सुटणारी लोकल पकडू दे, पंधरा-वीस मिनिटं जास्त गेली तरी चालतील पण आत बसून जाऊ दे.